बोर्डो, शेनिन आणि मामांचा एक एकर

'बोर्डो' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो मामांच्या तोंडून. वय असेल आठ-नऊ. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नेहमीप्रमाणे जळगावहून मामांकडे गेलो होतो. मामांचं गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळ. पांझरा नदी तिथून जवळच उगम पावते. शेतात एका मोठ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये मामा काहीतरी निळंशार ढवळत होते. एका बादलीत भिजवलेला चुना, दुसरीत विरघळवलेलं मोरचूद. दोन्ही एकत्र ओतून झालं की मामा त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. नाही चढला तर फवारायला तयार.

"मामा, हे काय आहे?"

"बोर्डो."

मला वाटलं शाळेच्या बोर्डाशी काहीतरी संबंध असणार. निळं असतं म्हणून असेल. (आमच्या शाळेतला फळा काळा होता, पण तर्काला वय नसतं.)

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, फ्रान्समधल्या नाँत शहराच्या स्टेशनवर मी गाड्यांचा बोर्ड वाचत उभा होतो. तीन महिन्यांचं ऑनसाइट. पहिलाच परदेश. आणि बोर्डावर चक्क एका गाडीपुढे लिहिलेलं 'बोर्दो'. एकदम ट्यूब पेटली. अरे, हे गाव आहे! मामांच्या ड्रममधलं गाव!

रूमवर येऊन शोधाशोध केली. गोष्ट मजेदार आहे. १८८० च्या दशकात बोर्दोच्या आसपासच्या द्राक्षबागांत केवडा रोगाने धुमाकूळ घातला होता. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे, म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं कडवट मिश्रण शिंपडून ठेवत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाग रोगाने जळालीय, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्याने त्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं आणि तेच 'बोर्डो मिश्रण' जगभर गेलं. चोरांना पळवायला केलेली युक्ती बुरशीवरचं औषध निघाली. प्रॉडक्शनमधला बग फिक्स करताना दुसराच बग आपोआप सुटतो ना, तसं काहीसं.

असो. आजचा विषय बोर्डो नाही. आजचा विषय आहे मामांचा एक एकर, ज्यावर हे बोर्डो फवारलं जायचं.

नदी

नाँत शहर लुआर नदीवर आहे. लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्त. दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावते, आधी उत्तरेकडे जाते, मग एक मोठं वळण घेऊन पश्चिमेला अटलांटिकला मिळते. म्हणजे आपल्या तापीसारखी पश्चिमवाहिनी. आणि या नदीची गंमत अशी की तिच्या काठाने चालत गेलात तर दर टप्प्यावर द्राक्ष बदलतं.

वरच्या अंगाला सांसेर आणि पुयी, तिथे सोव्हिन्याँ ब्लाँ. मध्ये तूर शहराच्या आसपास वूव्रे, आणि पुढे आंजू, तिथे शेनिन ब्लाँ. शिनाँ नावाच्या गावात लाल वाइन, ती काबेर्ने फ्राँची. आणि शेवटी समुद्राजवळ, नाँतच्या अवतीभवती म्युस्काडे. तिचं द्राक्ष मुळात बर्गंडीकडून आलेलं. १७०९ च्या भयानक हिवाळ्यात इथल्या बागा गोठून मेल्या, तेव्हा थंडी सोसणारं वाण म्हणून ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. समुद्र जवळ, मासे भरपूर, त्यामुळे वाइनही तशीच: हलकी, आंबटसर, कालवांबरोबर प्यायची.

पहिल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने हे सगळं मला टिशू पेपरवर नदी काढून समजावलं. आणि मी मनातल्या मनात दुसरीच नदी काढत होतो. पिंपळनेरला पांझरेच्या उगमाशी कांदा. खाली धुळ्याकडे उतरलं की कपाशी. आणि तापीकाठी रावेर-यावलला पोचलं की केळी, नजर जाईल तिथपर्यंत केळी. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडेही नदीच्या दर टप्प्याला पीक बदलतंच की. फक्त आपण ते टिशू पेपरवर काढून पाहुण्यांना दाखवत नाही.

टिशूवर मधल्या टप्प्यात त्याने लिहिलेलं नाव मी दोनदा वाचलं. शेनिन ब्लाँ.

हे नाव मला माहीत होतं. मामांच्या बागेचं नाव होतं ते. मामा 'चेनीन' म्हणायचे.

वूव्रे

ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळची ट्रेन पकडून तूरला गेलो, तिथून बसने वूव्रे. गाव छोटंसं. एका बाजूला लुआर आणि दुसऱ्या बाजूला पांढरट दगडाचा कडा. हा दगड मऊ चुनखडीचा, 'त्युफो' म्हणतात त्याला. जुन्या काळी इथूनच दगड कापून लुआरकाठचे ते प्रसिद्ध राजवाडे बांधले, आणि दगड काढून ज्या गुहा उरल्या त्यांत वाइन ठेवायला लागले. आत बारा महिने सारखाच गारवा. एसी नाही, वीजबिल नाही.

एका घरापुढे पाटी दिसली म्हणून आत गेलो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आणि त्यांची नात. आजींना इंग्लिश येत नव्हतं, नातीला येत होतं. गुहेत नेऊन त्यांनी माझ्यापुढे तीन ग्लास ठेवले. पहिली एकदम कोरडी, जिभेला लिंबासारखी लागणारी. दुसरी किंचित गोड. तिसरी मधासारखी. मी विचारलं, तीन वेगळी द्राक्षं का? नात हसली. तिन्ही शेनिन. फक्त तोडणीची वेळ वेगळी आणि वर्ष वेगळं. सगळा खेळ आंबटपणाचा. शेनिन कितीही पिकलं तरी त्यातला आंबटपणा सहजासहजी जात नाही, त्यामुळे गोड केली तरी वाइन चिकट होत नाही, आणि चांगली असेल तर वर्षानुवर्षं टिकते.

मग मी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. मामेभावाने पाठवलेला, जुन्या अल्बममधल्या फोटोचा फोटो. मामा, पांढरी टोपी, मागे तारांवर चढलेल्या वेली आणि हातात घड. मी म्हटलं, हे माझे मामा, आणि हे शेनिन आहे. भारतातलं.

आजींनी चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला. घड ओळखला त्यांनी. मग प्रश्न सुरू झाले. तोडणी कधी? फेब्रुवारीत. फेब्रुवारीत?! हो, कारण आमच्याकडे हिवाळ्यात वेल झोपत नाही. तुमच्याकडे थंडीने पानं गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते, वसंतात उठते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्ष देते. आमच्याकडे ती झोपतच नाही, म्हणून आम्ही तिला कात्रीने फसवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, ती काडी तयार व्हायला. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळ धरायला. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच. नातीने भाषांतर केल्यावर आजी काहीतरी पुटपुटल्या. नात म्हणाली, "आजी म्हणतेय, बिचारी वेल."

२०२४ मध्ये तिकडे पाऊस फार झाला होता आणि केवड्याने लोक वैतागले होते. आजींनी हाताने फवारणीचा अभिनय करून दाखवला. मी म्हटलं, "बोर्डो?" त्या एकदम खूश! एवढ्या सगळ्या गप्पांत भाषांतर न करता दोघांना कळलेला तो एकच शब्द.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मामांची वाइन कशी असते?"

मी सांगितलं, आता बाग नाही. उपटली. का उपटली ते सांगायला माझ्याकडे इंग्लिश होतं, पण धीर नव्हता. मी एक बाटली विकत घेतली आणि निघालो.

चेनीन आपल्याकडे कसं आलं

शेनिन लुआरच्या काठावर हजारएक वर्षांपासून आहे असं मानतात. सतराव्या शतकात डच लोकांबरोबर ते दक्षिण आफ्रिकेत गेलं. तिथे त्याचं नाव पडलं 'स्टीन', आणि आज जगात सगळ्यात जास्त शेनिन फ्रान्समध्ये नाही तर तिथे आहे.

महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन बनवली होती. पण आज आपण जिला 'नाशिकची वाइन' म्हणतो तिची सुरुवात नव्वदच्या दशकातली. राजीव सामंत हे स्टॅनफर्डला शिकलेले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी करणारे गृहस्थ. नोकरी सोडून नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले. आधी आंबा, मग खायची द्राक्षं, असे प्रयोग करून त्यांनी १९९७ च्या सुमारास वाइनची दोन वाणं लावली, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. दोन्ही लुआरकाठची! २००० मध्ये त्यांची पहिली वाइन आली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव सुला. (आयटीतून शेतीकडे वळायची स्वप्नं दर शुक्रवारी रात्री बघणाऱ्या समस्त मित्रांनी याची नोंद घ्यावी. घरची जमीन असली तर बरं पडतं, याचीही.)

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाइन पार्क झाले. नाशिकच्या आजूबाजूला एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांची माणसं द्राक्ष शोधत गावोगाव फिरायला लागली.

२००५ मध्ये एक माणूस मामांच्या गावीही आला. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्या भागात द्राक्ष तशी कमीच, पण डोंगर उतरून पलीकडे सटाणा, तिथले पाहुणे मुरलेले द्राक्षवाले. त्यांच्या ओळखीने तो आला. चकचकीत फाइल, करारपत्र, किलोला पंचवीस रुपये ठरलेला भाव. भाव बांधून देणारा व्यापारी मामांनी जन्मात पहिल्यांदाच बघितला. एक एकर निघाला. सोसायटीचं कर्ज काढून अँगल, तारा, ठिबक. खाली डॉगरिज खुंट, वर शेनिनचं कलम.

गावात थोडी कुजबुज झाली. कारण मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर. माळकऱ्याने दारूची द्राक्षं लावली म्हणून पारावर टोमणे. मामांचं उत्तर ठरलेलं असायचं, अहिराणीत:

"ऊस लावस त्याले कोन इचारस?"

खरंच आहे. मळीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण उसाच्या शेतकऱ्याला कुणी माळेवरून विचारत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारने घेतला आणि केवढा गदारोळ उठला, आठवतं? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय तसाच बारगळला. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर चॅनेलवर आठवडाभर भांडणं चालली. मला मात्र सारखं मामांचं ते वाक्य आठवत होतं. त्या चर्चेत वाइन पिणारा होता, विकणारा होता, विरोध करणारा होता. द्राक्ष लावणारा अधूनमधून तोंडी लावण्यापुरता.

गाडी

२००७ आणि २००८, दोन हंगाम मस्त गेले. फेब्रुवारीत कंपनीची गाडी यायची, क्रेट भरले जायचे, महिन्याभरात चेक. मामींनी त्या पैशातून घराला स्लॅब घातला.

२००८ च्या शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेतली मंदी, आणि २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, आणि त्या काळात वाइनचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलंच. त्यात आधीच्या पाच-सहा वर्षांत लागवड अशी वाढली होती की एवढी वाइन पिणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या, विक्री नाही, नवा माल घ्यायला जागा नाही.

फेब्रुवारी २००९. मामांची बाग तयार आणि गाडी येईना. रोज फोन. उद्या येते, परवा येते. खायचं द्राक्ष असतं तर मामांनी सुरतेला पाठवलं असतं, धुळ्याच्या बाजारात विकलं असतं. पण वाइनचं द्राक्ष म्हणजे वाटाण्याएवढा मणी, जाड साल आणि आत बिया. मामा दोन क्रेट घेऊन धुळ्याला गेले होते. व्यापाऱ्याने एक मणी तोंडात टाकला, बी थुंकली आणि हसला. मामांनी क्रेट परत आणले.

गाडी आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. निम्मा माल घेतला, भाव पाडून. त्याचेही सगळे पैसे आजतागायत आलेले नाहीत. पुढच्या वर्षी गाडी आलीच नाही.

एप्रिल २०१० मध्ये, खरड छाटणीच्या वेळेला, मामांनी जेसीबी बोलावला. मी तेव्हा शाळेची परीक्षा देऊन सुट्टीत तिथेच होतो. एका दिवसात एक एकर साफ. अँगल आणि तारा भंगारात गेल्या. त्या उन्हाळ्यात मामींच्या चुलीत शेनिनची खोडं जळत होती. चांगली जळायची, मामी म्हणायच्या, धूर कमी. नाशिक भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी त्या दोन-तीन वर्षांत असंच केलं. बाजार पुढे सावरला, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुलाचा शेअर बाजारात आला तेव्हा आमच्या ऑफिसमधले चारपाच जण आयपीओ भरायच्या गडबडीत होते. मी भरला नाही. त्या कंपनीने आमचं काहीच वाईट केलेलं नव्हतं, तरी हात झाला नाही एवढंच.

त्या एकरावर मामांनी डाळिंब लावलं. एक बहार सोन्यासारखा आला. २०१४ मध्ये मला पुण्याला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा पहिल्या वर्षाच्या फीमध्ये चाळीस हजार कमी पडत होते. बाबांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण आईने भावाला सांगितलंच असणार. मामा एसटीने जळगावला आले, कापडी पिशवीतून पैसे काढून आईच्या हातात ठेवले आणि चहा पिऊन त्याच दिवशी परत गेले. पुढे डाळिंबावर तेल्या आला. आता तिथे कांदा आहे.

फड

वूव्रेहून परत येताना ट्रेनमध्ये मी एका गोष्टीवर अडकलो होतो. १९३० च्या दशकात फ्रान्समध्येही वाइन पडून होती, भाव कोसळले होते, कुणीही कुठलंही द्राक्ष लावून कुठल्याही गावाचं नाव लावत होतं. तेव्हा त्यांनी १९३५ मध्ये कायदा केला. १९३६ मध्ये वूव्रेला त्याखाली मान्यता मिळाली. 'वूव्रे' हे नाव लावायचं असेल तर द्राक्ष त्या हद्दीतलंच पाहिजे, जवळजवळ सगळं शेनिनच पाहिजे, आणि हेक्टरी उत्पादनाला कमाल मर्यादा. म्हणजे माझं शेत असलं तरी काय आणि किती पिकवायचं हे मी एकट्याने ठरवायचं नाही.

ऐकायला जाच वाटतो. आणि ओळखीचाही वाटत होता, पण कुठे ऐकलंय ते आठवेना.

आठवलं ते डिसेंबरमध्ये मामांच्या ओट्यावर बसल्यावर. फड!

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीची बागायत आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाटाने पाणी शेतात आणायचं. पाण्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, कुठलं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, दरवर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन. पाणी कमी आलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांना सारखाच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार, आणि त्यांची मजुरी शेतकऱ्यांनी धान्यातून द्यायची. सरकारी खातं नव्हतं तेव्हापासूनचं हे आहे. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीला आले.

मामांचीही थोडी जमीन फडात होती. द्राक्षाचा एकर मात्र फडाबाहेर, विहिरीवरचा, त्यांनी स्वतः घेतलेला. मी वूव्रेचे नियम सांगितले तेव्हा मामा मान डोलवत ऐकत होते. मग म्हणाले,

"फडमा एकला मानूस बुडस नही."

आणि थोड्या वेळाने, तो एकर फडात असता तर पंचांनी मला द्राक्ष लावूच दिलं नसतं, असंही म्हणाले. हे ते तक्रार म्हणून म्हणाले की समाधानाने, मला अजून कळलेलं नाही.

बाटली

त्या दिवशी शेतात भरीत पार्टी होती. जळगावहून मी बामणोदची वांगी नेली होती. तुराट्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. मी बॅगेतून बाटली काढली. मामांसमोर काढावी की नाही यावर मी धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत विचार करत आलो होतो.

मामांनी बाटली हातात घेतली. मी सांगितलं, हे चेनीन आहे. जिथलं मूळ आहे ना, तिथलं. त्यांनी लेबल फिरवून बघितलं. छोट्या अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, ज्याची बाग, त्याच्याच घरी ही बाटली भरलीय, असं लिहिलंय. आणि हे वर मोठं आहे ते त्या घराचं नाव.

"त्यास्ले किलोले कितला भाव भेटस?"

मला उत्तर माहीत नव्हतं. अख्खा दिवस मी त्या आजींबरोबर होतो. तीन ग्लास प्यायलो, दगडाबद्दल विचारलं, आंबटपणाबद्दल विचारलं, राजवाड्यांबद्दल विचारलं. हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. ज्या माणसाच्या पिशवीतून माझी फी गेली त्याचा भाचा असूनही सुचला नव्हता. मला खरंच लाज वाटली.

मामेभावाने बाटली उघडली. स्टीलच्या पेल्यांत थोडी थोडी घेतली. ती मधली, किंचित गोड होती, आणि खरं सांगतो, झणझणीत भरताबरोबर जी काय लागली! मामा अर्थातच प्यायले नाहीत. पण त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग परत दिला. म्हणाले, त्या वर्षी गाडीची वाट बघत होतो ना, तेव्हा बागेत संध्याकाळी असा वास यायचा.

कुणीच काही बोललं नाही. मामींनी अजून भाकरी वाढली.

पुण्याला आल्यावर मी त्या नातीला मेल टाकला. तिच्या घरी द्राक्षाचा भाव काय पडतो? दोन दिवसांनी उत्तर आलं. तिला प्रश्नच नीट कळला नव्हता. आम्ही द्राक्ष विकत नाही, तिने लिहिलं होतं, आम्ही वाइन विकतो. तिथेही द्राक्ष विकणारे शेतकरी आहेत, पण त्यांचं घर पणजोबांपासून स्वतःच भरतं.

रविवारी फोनवर मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग बरोबर शे." आणि कांद्याच्या भावाकडे वळले.

रिकाम्या बाटलीत मामींनी शेंगदाण्याचं तेल भरून ठेवलंय, गेल्या वेळी गेलो तेव्हा बघितलं. मामी सांगत होत्या, लेबल भिजवून काढायला घेतलं होतं, पण मामांनी काढू दिलं नाही.